एकाच कर्जात जुनं घर आणि त्याची दुरुस्ती: २०३-के की होमस्टाइल? (ओहायो)

पायरीवरची

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं क्लीव्हलँडच्या पूर्वेला भाड्याने राहतो. दोघंही एच-१बीवर. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन पडलंय, पुढची रांग तुम्हाला ठाऊकच आहे. ग्रीन कार्ड आल्यावर घर घेऊ म्हणत बसलो तर मुलगी कॉलेजला जाईल, म्हणून आताच शोध सुरू केला.

शेकर हाइट्समध्ये १९२६ सालचं एक विटांचं घर मनात भरलंय. मालकीणबाई वारल्या, मुलं दुसऱ्या राज्यांत, त्यामुळे 'आहे तसं' विकतायत. मागणी २ लाख ६० हजार डॉलरची. ओकचा जिना आणि दर्शनी खोलीतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या खिडक्या पाहून मी आत शिरल्या शिरल्याच विरघळले. मग इन्स्पेक्टर आम्हाला तळघरात घेऊन गेला. वरच्या तुळयांवर पांढरी चिनी मातीची बोंडं, त्यांच्यावरून ताणलेल्या कापडी आवरणाच्या वायरी, आणि त्यातल्या काही अजून चालू! 'नॉब अँड ट्यूब' म्हणतात म्हणे. पाइप गॅल्वनाइज्ड. खाली सिंकचा नळ सोडला की वरच्या शॉवरची धार करंगळीएवढी होते. स्वयंपाकघर पूर्ण उखडावं लागेल. एका कॉन्ट्रॅक्टरने ढोबळ अंदाज दिलाय तो ७० हजारांचा.

आमच्याकडे रोख आहे ४५ हजार, डाउन पेमेंट आणि क्लोजिंगचा (खरेदी पुरी करतानाचा) खर्च धरून. म्हणजे घर होईल, दुरुस्ती होणार नाही. रिअल्टर म्हणतो एफएचएचं (सरकारी विमा असलेलं) २०३-के कर्ज घ्या, साडेतीन टक्के डाउन, घर आणि दुरुस्ती एकाच कर्जात. नवरा म्हणतो साधं कर्ज घेऊ आणि दुरुस्तीला दोघांच्या ४०१-केमधून (निवृत्तीच्या बचतीतून) उचलू. मला एकच हप्ता ही कल्पना आवडतेय, पण हे पैसे नक्की कुणाच्या हातात येतात, कधी येतात, हे कुणी धड सांगत नाही. लेंडरच्या माहितीपत्रकात सगळे हसरे चेहरे आणि पांढरी किचनं.

कुणी असं कर्ज घेऊन घर केलंय का? नुसतं वाचलेलं नको, केलेलं सांगा.

---

आकडेमोड

केलेलं नाही, पण ४०१-केचं बोलतो. कर्ज मिळतं ते तुमच्या नावावर पक्क्या झालेल्या शिलकीच्या निम्मं किंवा ५० हजार, यातलं जे कमी असेल ते, आणि साधारण ५ वर्षांत फेडायचं. इथवर ठीक. पण नोकरी गेली की उरलेली रक्कम त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरा, नाहीतर ती काढलेली रक्कम धरून त्यावर कर, आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असाल तर बहुतेकदा वर १० टक्के दंड. एच-१बीवर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची असते. तेव्हाच हा फटका पण. शिवाय दोघांनी एकदम काढायचं म्हणताय.

---

सुताराचा_नातू

पायरीवरची, मी केलंय. पिट्सबर्गला, १९३१ चं घर, तेव्हा मीही एच-१बीवरच होतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट तुमच्या रिअल्टरला सांगा: २०३-के तुमच्यासाठी बंद आहे. २५ मे २०२५ पासून एफएचएने कायमचे रहिवासी नसलेल्यांना कर्जाचा विमा देणं थांबवलंय. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असाल तरच. २०३-के हे एफएचएचंच असल्यामुळे तेही गेलं. हे ज्याला माहीत नाही अशा माणसाच्या भरवशावर जुन्या घराला ऑफर टाकू नका. भाऊ घर दाखवायला चांगला असेल, कर्जाचं त्याला विचारू नका.

तुमच्यासाठी उरतं ते फॅनी मेचं होमस्टाइल रिनोव्हेशन, आणि त्याच जातीचं फ्रेडी मॅकचं चॉइस-रिनोव्हेशन. (या दोन्ही संस्था लेंडरकडून गृहकर्जं विकत घेतात.) कायदेशीर वास्तव्य असेल तर फॅनी मे नागरिकाच्याच अटींवर कर्ज विकत घेतं. वर लेंडर आपापल्या अटी लावतो (व्हिसाची किती मुदत शिल्लक आहे वगैरे), म्हणून एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जायचं. आणि पहिलाच प्रश्न असा विचारायचा: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती रिनोव्हेशन कर्जं बंद केलीत? बरेच लेंडर वेबसाइटवर हे नाव टाकून ठेवतात आणि प्रत्यक्षात त्यांच्याकडे ते हाताळणारा माणूसच नसतो.

आता पैशाचं. घर २ लाख ६०, काम ७०, आणि वर १० टक्के राखीव म्हणजे ७ हजार. एका कुटुंबाच्या घराला फॅनी मे राखीव रक्कम सक्तीची करत नाही, पण १९२६ चं घर आहे, तुम्ही ठेवाच. झाले ३ लाख ३७ हजार. (परमिट, तपासणीची फी वगैरेही यात धरतात, सोयीसाठी सोडतो.) अप्रेझर (घराची किंमत ठरवणारा) दोन किमती बघतो: आज काय आहे आणि तुमच्या कामाची यादी पुरी झाल्यावर काय होईल. कर्ज ठरतं ते ही नंतरची किंमत, किंवा खरेदी अधिक दुरुस्ती, यातल्या कमी आकड्यावर. नंतरची किंमत ३ लाख ४५ हजार आली तर ३ लाख ३७ वर ५ टक्के, म्हणजे १६,८५० डाउन. झकास.

पण समजा ती ३ लाख २० हजारच आली. मग बँक ३ लाख २० हजाराचे ९५ टक्के देणार, ३ लाख ४ हजार. उरलेले ३३ हजार तुमचे. तुमच्या ४५ मधून ते गेले, क्लोजिंगचे वेगळे, आणि हातात काय राहिलं ते बघा. हे मी घाबरवायला सांगत नाही. तुमच्या घरात असं होण्याची शक्यता जास्त आहे, कारण तुमचा बराचसा खर्च भिंतीच्या आत जाणारा आहे. वायरिंग आणि पाइप बदलले तर तुम्ही नीट झोपाल, पण अप्रेझर तुलनेला घेतो ती शेजारची घरं, आणि त्यांच्या भिंतीत आधीच चांगली वायर आहे. त्याचा जादा भाव कोण देणार? किचन आणि बाथरूमला थोडा मिळतो. म्हणून ऑफर मागणीच्या किमतीची टाकू नका. ज्या घराला चालू नॉब अँड ट्यूब आहे त्याची किंमत त्या हिशोबाने खाली आलीच पाहिजे, आणि ते मुलांना कागदावर दाखवायला इलेक्ट्रिशियनचं कोटेशन पुरेसं आहे.

दुरुस्तीची वरची मर्यादा त्याच कमी आकड्याच्या ७५ टक्के आहे. तुम्ही तिच्या जवळपासही नाही, सोडून द्या.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे कुणाच्या हातात. तुमच्या नाही. क्लोजिंगच्या दिवशी २ लाख ६० विकणाऱ्याला जातात आणि ७७ हजार लेंडरच्या एस्क्रो खात्यात (काम होईपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात) जाऊन बसतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर. कॉन्ट्रॅक्टरने काम करायचं, मग 'ड्रॉ' (झालेल्या कामाचे पैसे) मागायचा, लेंडरचा तपासनीस येणार, किती टक्के काम झालं ते लिहिणार, टायटलवर (घराच्या मालकी हक्कावर) कुणी दावा तर लावला नाही ना ते बघणार, आणि मग पैसे सुटणार. आमच्या लेंडरने दर ड्रॉमधले १० टक्के शेवटपर्यंत अडकवून ठेवले.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. आमच्याकडे वायरिंग पुरं झालं होतं, नवीन २०० अँपियरचं पॅनेल तळघरात चकाकत होतं, आणि किचनची सगळी कपाटं खोक्यांत बंद करून गॅरेजमध्ये रचून ठेवली होती. कॉन्ट्रॅक्टरने ती स्वतःच्या क्रेडिट कार्डावर आणली होती. तपासनीस आला, पॅनेलचा फोटो काढला, वायरिंगच्या ओळीसमोर आकडा लिहिला. मग गॅरेजमध्ये खोक्यांकडे बघून 'कॅबिनेट्स' या ओळीसमोर शून्य. बसवलेली नाहीत ना! कॉन्ट्रॅक्टर हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता, जसं काही नियम मीच केलाय. पुढचे काही दिवस तो दुसरीकडे कामाला गेला, कारण त्याच्या माणसांचे पगार कुठून तरी निघायला हवे होते. आमचं स्वयंपाकघर तसंच उघडं.

त्याला दोष देत नाही. छोटा माणूस, हातात भांडवल नाही. पण म्हणूनच सांगतो, या कर्जात लेंडरच्या आधी कॉन्ट्रॅक्टर शोधायचा. पाव टक्का व्याज इकडे तिकडे झालं तर हप्त्यात थोडा फरक पडतो. ड्रॉसाठी थांबू न शकणारा कॉन्ट्रॅक्टर मिळाला तर भाडं आणि हप्ता दोन्ही भरत बसाल. मागवून ठेवलेल्या मालाचे पैसे सुरुवातीला काही प्रमाणात सुटू शकतात का, हे लेंडरला क्लोजिंगच्या आधीच लेखी विचारा. फॅनी मे साहित्यासाठी काही उचल द्यायला परवानगी देतं, लेंडर देईलच असं नाही.

भाड्यावरून आठवलं. काम चालू असताना घरात राहणं शक्य नसेल तर होमस्टाइलमध्ये ६ महिन्यांपर्यंतचे हप्ते कर्जातच घालता येतात. पाणी आणि वीज दोन्ही बंद होणार आहेत तुमच्याकडे, तेव्हा हे जरूर मागा. फुकट नाही, त्यावरही व्याज आहेच आणि एकूण रकमेत तेही मोजलं जातं, पण श्वास घ्यायला जागा मिळते.

---

नागपूरची_संत्री

मी २०३-केवालीच. (नागरिक आहोत, त्यामुळे वरचा नियम आम्हाला लागला नाही.) सुताराचा_नातू यांनी ड्रॉचं लिहिलंय ते हुबेहूब. फरक एवढाच की २०३-केच्या मोठ्या प्रकारात हडचा (केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा) मान्यताप्राप्त कन्सल्टंट सक्तीचा असतो. आधी वाटलं हा आणखी एक पैसे खाणारा. पण त्याने घर फिरून एकेका कामाची यादी, मापं आणि खर्च लिहून काढला आणि आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन त्या शेजारी ठेवलं, तेव्हा कळलं की बाथरूमच्या पंख्याचा बाहेर जाणारा मार्ग, परमिटची फी, राडारोडा उचलायचं डंपस्टर, यातलं काहीच कोटेशनमध्ये नव्हतं. पायरीवरची, होमस्टाइलला फॅनी मेची अशी सक्ती नाही, पण तू स्वतःहून असा माणूस लाव. ७० हजारांचा 'ढोबळ अंदाज' म्हणतेस ना, त्याचं पुढे काय होतं ते माहितीये मला.

ग्रीन कार्डवाले कुणी वाचत असतील तर: छोटा प्रकार, म्हणजे लिमिटेड २०३-के, नोव्हेंबर २०२४ पासून ७५ हजारांपर्यंत जातो, आधी ३५ हजारच होता. त्यात कन्सल्टंट लागत नाही, पण भार पेलणाऱ्या भिंती हलवणं किंवा पायाचं काम चालत नाही. आणि साडेतीन टक्के डाउन ऐकायला गोड वाटतं, पण कर्जाच्या विम्याचे पावणेदोन टक्के सुरुवातीलाच कर्जात चढतात आणि १० टक्क्यांपेक्षा कमी डाउन असेल तर वार्षिक विमा कर्ज संपेपर्यंत सुटत नाही. होमस्टाइलमध्ये खासगी विमा असतो, तो मुद्दल घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की काढायला सांगता येतं. तुझं नशीब इतकं वाईट नाहीये.

---

उगाच_विचारतो

एक शंका. विकणारे थांबतील का? रिनोव्हेशन कर्जाला साध्या कर्जापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि रोख घेऊन फिरणारे फ्लिपर (घर घेऊन, दुरुस्त करून लगेच विकणारे) ओहायोत कमी नाहीत. आमची अशीच एक ऑफर मागे पडली, आमच्यापेक्षा कमी किमतीच्या रोख ऑफरपुढे.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर दोन नोकऱ्या, एक मूल, व्हिसाची टांगती तलवार, आणि त्यात १०० वर्षांचं घर? थोडं लांबचं पण राहण्याजोगं घर घ्या. दुरुस्तीची हौस पुढे भागवता येईल. राग नसावा.

---

पायरीवरची

राग कसला! तुम्ही जे म्हणताय तेच आई रोज फोनवर म्हणते, फक्त ती 'राग नसावा' म्हणत नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. एफएचएचं ऐकून धक्काच बसला. रिअल्टरला सांगितलं तर म्हणतो "ओह, चेक करतो." घर अजून बाजारात आहे, वायरिंगमुळेच बहुधा. एक ऑफर येऊन मोडली असं कळलं.

काल त्या कॉन्ट्रॅक्टरला ड्रॉचं सांगितलं. तो म्हणाला मी असं काम करत नाही, एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश मध्ये, एक तृतीयांश शेवटी. म्हणजे तो बाद. नवीन शोधताना काय काय विचारायचं? आणि दुसरं, रंगकाम आणि भिंतीचं प्लास्टर खरवडणं आम्ही स्वतः केलं तर पैसे वाचतील का? नवऱ्याला यूट्यूब पाहून बराच आत्मविश्वास आलाय.

---

सुताराचा_नातू

बाद झाला ते उत्तम, क्लोजिंगच्या आधी झाला.

नव्याला फोनवरच विचारा की रिनोव्हेशन कर्जावर आधी काम केलंय का आणि कुठल्या लेंडरबरोबर. 'हो' म्हणाला तर त्या घराच्या मालकाशी बोलायला मागा. मग परवाना, विम्याचं प्रमाणपत्र आणि डब्ल्यू-९ (करासाठीचा फॉर्म). हे लेंडर मागणारच आहे, पण जो तुम्हाला पाठवायला आठवडा लावतो तो लेंडरला पाठवायला महिना लावेल. घर १९७८ च्या आधीचं आहे, तेव्हा रंगात शिसं आहे असं धरूनच चालायचं. अशा घरात रंग उखडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे ईपीएचं (केंद्रीय पर्यावरण संस्थेचं) शिशाबाबतचं प्रमाणपत्र असावं लागतं. तुमच्या घरी मुलगी आहे म्हणालात, त्यामुळे प्लास्टर आणि रंग खरवडायचं काम नवऱ्याला देऊ नका. त्याला लिव्हिंग रूमला नवा रंग द्यायला लावा, आत्मविश्वास तिथे खर्च होऊ दे.

स्वतः करण्याला तसा होमस्टाइलमध्ये वाव आहे. एका कुटुंबाच्या घराला, काम झाल्यावरच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत. पण तुम्हाला परत मिळतात ते सामानाचे पैसे, घामाचे नाही. आणि लेंडर तयार हवा. आमचा नव्हता.

प्रत्येक ड्रॉच्या वेळी प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा प्रत्येक उपकंत्राटदाराकडून लीन वेव्हरवर (घरावर थकबाकीचा दावा, म्हणजे लीन, लावणार नाही अशा कागदावर) सही घ्या. कॉन्ट्रॅक्टरने तुमच्याकडून पैसे घेऊन प्लंबरला दिले नाहीत तर प्लंबर तुमच्या घरावर लीन टाकू शकतो, आणि तो लीन दिसला की पुढचा ड्रॉ थांबतो.

काम संपवायला १५ महिने मिळतात, ते पुरतात. राखीवचे ७ हजार उरले तर मुद्दलातून वळते होतात. उरत नाहीत, पण सांगून ठेवलं.

---

क्लीव्हलँडकर

स्थानिक माहिती: शेकर हाइट्समध्ये घर विकताना शहराची पॉइंट ऑफ सेल तपासणी होते. त्यात सापडलेल्या त्रुटी विकणाऱ्याने दुरुस्त करायच्या, नाहीतर खरेदीदाराने जबाबदारी घ्यायची आणि त्यासाठी पैसे एस्क्रोत ठेवायचे. तो अहवाल आधी मागून घ्या. हा शहराचा एस्क्रो, लेंडरचा वेगळा. एकाच कामाचे पैसे दोन ठिकाणी अडकले तर तुमचे ४५ हजार बघता बघता संपतील. लेंडर आणि शहर दोघांनाही आधीच विचारा की कर्जातली दुरुस्तीची रक्कम शहराला चालेल का.

शिवाय तिथला मालमत्ता कर ओहायोत अगदी वरच्या रांगेतला. शाळांसाठी लोक भरतात. महिन्याच्या हप्त्यात तो धरलाय ना?

---

आकडेमोड

आणि घराचा विमा! चालू नॉब अँड ट्यूबला बऱ्याच कंपन्या पॉलिसी देत नाहीत, आणि पॉलिसीशिवाय क्लोजिंग होत नाही. "काम पुढच्या महिन्यात करणार आहोत" यावर कोण तयार होतं ते एजंटकडून ऑफरच्या आधीच काढून घ्या. काही कंपन्या ठरावीक दिवसांत वायरिंग बदलायच्या अटीवर देतात. मग कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत वायरिंग पहिल्या क्रमांकावर, किचन नंतर.

---

पायरीवरची

कर धरलाय, नवऱ्याची एक्सेल शीट आहे, तिच्यात पाळण्यापासून लग्नापर्यंत सगळं आहे. विम्याचं मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. सकाळी तीन एजंटांना ईमेल टाकलेत.

पॉइंट ऑफ सेलचा अहवाल आला. ड्राइव्हवेची फरशी, गॅरेजचं दार, पोर्चचा कठडा आणि अर्थात वायरिंग. शहराच्या बाई फोनवर म्हणाल्या की लेंडरचं एस्क्रोचं पत्र आणा, मग बघू. 'बघू' आपल्याकडचंच वाटलं ऐकून.

२ लाख ३५ हजारांची ऑफर लिहितोय. नंतरची किंमत ठरावीक आकड्याखाली आली तर बाहेर पडता येईल अशी अप्रेझलची अट घालून, आणि क्लोजिंगला ६० दिवस मागून. रिअल्टर तोंड वाकडं करतोय. एक कॉन्ट्रॅक्टर शनिवारी घर बघायला येतोय, त्याने होमस्टाइलवर काम केलंय आणि डब्ल्यू-९ मागायच्या आधीच पाठवला.